झाडांचे मिटलेले डोळे



थंड मुलखांतील झाडें थंडी पडली म्हणजे निजतात व ऊन तापूं लागलें म्हणजे जागीं होतात, असें मी शाळेंत तीस वर्षें शिकवीत आलों. एकदां मागच्या बांकावरील एका मुलानें विचारिलें, "गुरुजी, मग भर हिंवाळ्यांत चार दिवस ऊब आली, तर तीं फसत कशीं नाहींत?" मला उत्तर येत नव्हतें, मीं त्याला खालीं बसविलें. तें उत्तर मला सेवानिवृत्तीनंतर सांपडलें. कोण जाणे, तो आज ऐकत असेल.

युरोपांतील अस्पेन हें झाड घ्या. कडाक्याची थंडी पडण्यापूर्वींच, रात्री लांबूं लागतांच, त्याच्या पानांत 'एफ्‌टी' नांवाचें प्रथिन तयार होणें थांबतें. हें प्रथिन म्हणजे शेंड्याला 'वाढत राहा' असें सांगणारा निरोप्या. स्वीडनमधील उमेओ येथील संशोधकांनीं २००६ सालीं हें दाखविलें. निरोप बंद पडला कीं वाढ थांबते, शेंडा खवल्यांत गुंडाळला जातो आणि माळी ज्याला 'डोळा' म्हणतात तो तयार होतो. पुढें त्यांतील पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा कॅलोज नांवाच्या पदार्थानें बुजतात. आतां उबेची हांक आली तरी ती आंत शिरणार कोठून? दार नुसतें लोटलेलें नसतें, आंतून कडी घातलेली असते. आणि ती काढते दीर्घकाळची थंडी! थंडी पुरेशी मुरली म्हणजे कॅलोज विरघळविणारें एक प्रथिन कामाला लागतें, वाटा मोकळ्या होतात, आणि मगच वसंताची ऊब उपयोगी पडते.

मधल्या काळांत डोळ्यांत डिहायड्रिन नांवाचीं प्रथिनें सांठतात. पेशींबाहेरील पाणी गोठून पेशी कोरड्या पडूं लागल्या असतां तीं पेशींचीं नाजूक आवरणें सांभाळतात. अंड्याचा पांढरा बलक उकळल्यावर घट्ट होतो. हीं मात्र उकळलीं तरी थिजत नाहींत. पॉपलरच्या सालींत तर निराळीच बेगमी असते : गळणाऱ्या पानांतील नत्र काढून घेऊन तें प्रथिनरूपानें सांठवावयाचें, व वसंतांत मोडून कोंवळ्या पालवीला द्यावयाचें. आमची आजी पावसाळ्यापूर्वीं याहून वेगळें काय करीत असे?

सफरचंदाची रीत जरा भिन्न आहे. त्याला दिवसमानाचें फारसें भान नसतें. निजविते तीही थंडी आणि उठविते तीही थंडीच. म्हणजे तेवढ्यापुरता मी अर्धा खरा ठरतों. हिमाचलांतील डेलिशस जातीला सात अंशांखालील सुमारें १००० तास लागतात. हिंवाळे ऊबदार होत चालल्यामुळें कुलूच्या खालच्या बागांना ते पुरते मिळेनात. डोळे मागेंपुढें फुटतात, फुलोरा विरळ येतो. म्हणून बागा डोंगरावर चढल्या, आणि खालीं कित्येकांनीं डाळिंबें लाविलीं. इस्राएलमध्यें निपजलेल्या 'अ‍ॅना' जातीला थंडी पुष्कळ कमी लागते खरी. पण ती लौकर जागी होते, आणि मागाहून एखादी गोठविणारी रात्र आली कीं सारा फुलोरा जळून जातो.