अंडरस्कोर कुठे गेले?

(परभणी जिल्ह्यातल्या चारठाणा येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्यात माणसांना एका जागी बसवून वाटेल त्या विषयावर बोलायची आपल्याकडे सोय झाली आहे. तिचा फायदा घेऊन आज मी अंडरस्कोरवर बोलणार आहे. अंडरस्कोर म्हणजे ईमेलच्या पत्त्यातली ती खालची आडवी रेघ, जी फोनवर सांगताना सगळ्यांची तारांबळ उडते.

समोर अकरावी-बारावीची कॉम्प्युटर सायन्सची मुलं दिसतात. त्यांना हॅश इन्क्लूड माहीत असेल. सी भाषेतला प्रोग्रॅम कंपायलरच्या, म्हणजे त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, हातात पडण्याआधी एका चाळणीतून जातो, तिला प्रीप्रोसेसर म्हणतात. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि परीक्षेच्या धाकानं बहुतेक मुलं ते शेवटी वाचतात. डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली, तिला १९७२-७३च्या सुमारास हा प्रीप्रोसेसर जोडला गेला. त्याचं एक मोठं काम असं: एकच प्रोग्रॅम विंडोजवर, लिनक्सवर, अॅपलच्या मशीनवर आणि अँड्रॉइड फोनवर चालवायचा असेल, तर ‘इथे विंडोज असेल तर या ओळी घे, लिनक्स असेल तर त्या घे’ असं त्याला सांगता येतं. आपण कुठल्या मशीनसाठी प्रोग्रॅम बनवतो आहोत, हे त्याला काही ठरलेल्या नावांवरून कळतं. ती नावं कंपायलर स्वतःच पुरवतो.

ती नावं मी तोंडी सांगतो. विंडोजचं नाव: एक अंडरस्कोर, विन, बत्तीस. लिनक्सचं: दोन अंडरस्कोर, लिनक्स, पुन्हा दोन अंडरस्कोर. अॅपल आणि अँड्रॉइडचंही तसंच, पुढे दोन आणि मागे दोन. हे अंडरस्कोर हौसेनं लावलेले नाहीत. दोन अंडरस्कोरनी सुरू होणारी नावं सी भाषेच्या प्रमाणानं कंपायलरसाठी राखून ठेवली आहेत, म्हणजे तुमच्या-माझ्या प्रोग्रॅममधल्या नावांशी त्यांची टक्कर होत नाही. छापील प्रतीतही ही चिन्हं शब्दांतच ठेवा, अशी मी संपादकांना विनंती केली आहे. ती का केली, ते आता कळेल.

ही नावं लोकांना कळावीत म्हणून माहितीची पानं लिहिली जातात. हल्ली ती बहुतेक मार्कडाउन नावाच्या साध्या लेखनपद्धतीत असतात. जॉन ग्रूबर यांनी ती २००४ साली काढली. शब्द ठळक करायचा असेल तर त्याच्या आगेमागे दोन-दोन अंडरस्कोर टाकायचे, तिरपा करायचा असेल तर एक-एक. आता लिनक्सचं नाव आठवा. लेखकानं ते अगदी बरोबर टाइप केलं, तरी पानानं त्यातले चारही अंडरस्कोर गिळले आणि ‘लिनक्स’ हा शब्द छान ठळक करून दाखवला. विंडोजच्या नावात पुढे एकच अंडरस्कोर, मागे जोडीदार नाही, म्हणून ते जसंच्या तसं राहिलं. वाचणाऱ्याला पानावरच्या नावांच्या कोष्टकात दिसतं काय? विंडोजला अंडरस्कोर लागतो, लिनक्सला लागत नाही. आणि चुकीचं नाव ठळक छापलेलं असल्यामुळे जास्तच खरं वाटतं.

पुढची गंमत तर फारच वाईट आहे. जीसीसी हा कंपायलर नेहमीच्या पद्धतीनं चालवला तर जुन्या सवयीखातर ‘लिनक्स’ हे अंडरस्कोर नसलेलं नावही तो ओळखतो. म्हणजे चुकलेलं पान वाचून लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या मशीनवर व्यवस्थित चालतो. मग कुणीतरी ‘काटेकोर प्रमाणाप्रमाणे चालव’ असं कंपायलरला सांगतो, ते जुनं नाव त्या क्षणी नाहीसं होतं आणि लिनक्ससाठी लिहिलेल्या ओळी प्रोग्रॅममधून गुपचूप गळून पडतात. ‘हॅश इफ’च्या अटीत अनोळखी नाव आलं की प्रीप्रोसेसर ओरडत नाही, त्याची किंमत शून्य धरतो आणि पुढे जातो. सी भाषेचा नियमच तसा आहे. इशारा देणारा एक पर्याय जीसीसीत आहे, पण ‘सगळे इशारे दे’ असं नाव असलेला पर्याय लावला तरी हा इशारा त्यात येत नाही, तो वेगळा मागावा लागतो! सगळे म्हणजे सगळे नव्हेत, हे अशा ठिकाणी कळतं.

त्यामानानं ओरडणाऱ्या चुका मला सज्जन वाटतात. वर्ड प्रोसेसर सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो. ती प्रोग्रॅममध्ये चिकटवली की जुना जीसीसी ‘स्ट्रे ३४२’ अशी तक्रार करतो. हा आकडा वाकड्या चिन्हाच्या पहिल्या बाइटचा, अष्टमान पद्धतीतला. मुलं घाबरतात, पण निदान कुठे दुखतंय ते तरी समजतं.

मार्कडाउनचीही एकच जात नाही, ही आणखी एक भानगड. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या प्रोग्रॅमिंगच्या व्यवस्थेत २०२० साली पाचवी आवृत्ती आली. ‘पाच किंवा त्यापुढची’ असं सांगणारं तिथलं नाव असं आहे: नेट पाच, अंडरस्कोर, शून्य, अंडरस्कोर, ऑर, अंडरस्कोर, ग्रेटर. मूळ मार्कडाउनच्या नियमांनी शून्याच्या दोन्ही बाजूंचे अंडरस्कोर जातात आणि शून्य तिरपा होऊन पाचाला चिकटतो. वाचणारा वाचतो, नेट पन्नास! २०१४ साली आलेल्या कॉमनमार्क या काटेकोर प्रमाणात शब्दाच्या पोटातले अंडरस्कोर सुरक्षित ठेवले आहेत. म्हणजे तीच फाइल एका जागी बरोबर दिसते आणि दुसऱ्या जागी चूक. अनेक मशीनवर चालणाऱ्या प्रोग्रॅमची माहिती देणारं पानच दोन मशीनवर सारखं दिसत नाही. कोष्टकांबद्दल तर बोलायलाच नको. ‘किंवा’साठी प्रोग्रॅमर दोन उभ्या रेघा वापरतात आणि मार्कडाउनमध्ये उभी रेघ म्हणजे रकान्याची भिंत. अट लिहिली की कोष्टकाला नको तिथे दोन भिंती उभ्या राहतात. मला विचाराल तर अशी नावं कोष्टकात घालूच नयेत, साध्या यादीत द्यावीत. पण माहिती लिहिणाऱ्यांना कोष्टकाचा मोह सुटत नाही.

हे सगळं इंग्रजीतलं दुखणं आहे असं कुणाला वाटत असेल, तर आपल्या मराठीकडे या. जिंतूरकडच्या डोंगरातल्या ‘दऱ्या’ लिहा. हा ऱ्य युनिकोड या अक्षरांच्या संगणकी प्रमाणात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला वेगळा र असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. काही सॉफ्टवेअर ‘न दिसणारी चिन्हं म्हणजे कचरा’ असं समजून ती झाडून टाकतात. ते जोडचिन्ह गेलं की दऱ्यांचा ‘दर्या’ होतो आणि परभणी जिल्ह्यात समुद्र येतो. ‘आचाऱ्याला बोलवा’ म्हणावं तर आचार्य येऊन बसतात. शुद्धलेखन तपासणाऱ्यालाही काही खटकत नाही, कारण दोन्ही शब्द मराठीत आहेत.

अक्षरांचं जे होतं तेच आकड्यांचंही. शेतीचा गट नंबर १२/२ एक्सेलमध्ये टाका. तुमच्या मशीनच्या तारखेच्या सेटिंगप्रमाणे तो १२ फेब्रुवारी होतो, नाही तर २ डिसेंबर. हसू नका, शास्त्रज्ञांचंही हेच झालं. ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशा नावांच्या मानवी जनुकांच्या एक्सेल तारखा करत होतं. माणसाच्या जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीनं शेवटी हात टेकले आणि २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांत ती नावं बदलल्याचं जाहीर केलं. एक्सेल तेव्हा बदललं नाही, माणसाच्या जनुकांची नावं बदलली.

तरीही पानावर चुकीचं दिसणारं नाव नीट करणाऱ्या दुरुस्तीला आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ‘फक्त फॉरमॅटिंग’ म्हणतात. दुरुस्ती पाठवणारा स्वतःच ओशाळून वर लिहितो, ‘किरकोळ बदल’. मला ते मान्य नाही. प्रोग्रॅमरच्या दृष्टीनं अंडरस्कोर हा त्या नावाचा अवयव आहे, तो गेला की नाव दुसरं होतं. ज्या पानावर चुकीचं नाव दिसतं ते पान चुकीचंच आहे, मग मूळ फाइलमध्ये ते कितीही बरोबर टाइप केलेलं असो.

दुरुस्ती करायची कशी? नावाच्या आगेमागे बॅकटिक घालायची, म्हणजे कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातली ती तिरपी टिकली. बॅकटिकच्या आतल्या मजकुराला मार्कडाउन सहसा हात लावत नाही. ओळीच्या ओळी असतील तर तीन बॅकटिकची चौकट. कोष्टकातली उभी रेघ मात्र बॅकटिकलाही जुमानत नाही, गिटहब या संकेतस्थळावर तिच्यापुढे उलटी तिरपी रेघ द्यावीच लागते. हे झाल्यावर खरं काम सुरू होतं. तयार पान उघडायचं, त्यावरून नाव कॉपी करायचं, छोट्या प्रोग्रॅममध्ये चिकटवायचं आणि कंपाइल करून बघायचं.

असं बघताना फॉरमॅटिंगपलीकडच्या चुकाही सापडतात. अँड्रॉइडवर अँड्रॉइडचं आणि लिनक्सचं, दोन्ही नावं लागू असतात, म्हणून अँड्रॉइडची अट आधी तपासावी लागते. अॅपलच्या नावांत ‘टार्गेट ओएस मॅक’ आयफोनवरही १ असतं. एखाद्या पानावर ‘याचा अर्थ मॅक’ एवढंच लिहिलेलं असेल, तर त्याला कितीही बॅकटिक लावा, ते पान चूकच.

मुलांनो, यासाठी पुण्याला किंवा बंगळुरूला जायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टची डॉट नेटची माहिती आणि मोझिलाची वेबबद्दलची माहिती, दोन्ही गिटहबवर उघडी आहेत. कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो, ती तपासून स्वीकारली जाते. नावात जिथे अंडरस्कोर हवा तिथे तो दिसत नाही, असं एक पान शोधा. फक्त तेवढंच सुधारा, लेखकाची वाक्यं सजवत बसू नका. आधी काय दिसत होतं आणि आता काय दिसतं ते दोन ओळींत सांगा आणि पाठवा. मात्र त्यावर ‘किरकोळ बदल’ असं लिहू नका.