कपाटात कोंडलेली चित्रे

(बालवाडी व अंगणवाडी क्षेत्रातील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती चित्रपुस्तक पडले की ते अक्षरांकडे पाहतही नाही. ते चित्रातल्या हत्तीवर बोट ठेवते, पान उलटते, पुन्हा मागे येते आणि मोठ्यांच्या नजरेतून निसटलेला कोपऱ्यातला बेडूक नेमका शोधून काढते. हत्ती मघाशी नदीच्या अलीकडे होता, आता पलीकडे आहे. तो पोहत गेला की कोणी त्याला नावेतून नेले, हे पुस्तक सांगत नाही, मूल सांगते. दोन चित्रांच्या मधली ही जी मोकळी जागा असते, तिथेच मुलाची कल्पनाशक्ती पहिली पावले टाकते.

भिंतीवरच्या तक्त्यात अशी जागा नसते. 'अ अननसाचा' असे म्हटले की प्रश्न आणि उत्तर दोन्ही संपले. ज्या दुष्काळी गावातील मुलाने अननस कधी पाहिलेला नाही, त्यानेही तेच उत्तर घोकावयाचे असते. तक्ता ओळख करून देतो हे खरे, परंतु तो विचारत काहीच नाही. चांगले चित्रपुस्तक मात्र मुलाला विचारते : पुढे काय झाले असेल? असेच का झाले? निराळे होऊ शकले नसते काय? जे आहे ते निराळेही असू शकते, ही जाणीव समाजपरिवर्तनाच्या प्रत्येक विचाराचे बीज आहे.

मात्र येथेच कार्यकर्त्याने सावध राहावयास हवे. परिवर्तनाची घाई झालेल्यांना चित्रपुस्तकातून थेट उपदेश पाजण्याचा मोह होतो. सोव्हिएत रशियात १९२० नंतरच्या दशकात कवी मार्शाक आणि चित्रकार लेबेदेव यांनी मुलांसाठी अत्यंत ताजी, खेळकर व स्वस्त पुस्तके निर्माण केली. पुढे १९३६ साली 'प्रावदा'ने लेबेदेव यांच्यासारख्या चित्रकारांवर जाहीर हल्ला चढवला आणि त्या कलेचा मोकळा श्वास कोंडला. मुलाच्या कल्पनेला आज्ञेचे जू लावले की चित्र उरते, कल्पना उरत नाही. मग ती आज्ञा धर्माची असो, बाजाराची असो की क्रांतीची.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : ज्या मुलाला पोटभर अन्न नाही, त्याला चित्रांचे पुस्तक कशाला? अन्नाची जागा पुस्तक घेऊ शकत नाही, हे निर्विवाद आहे. परंतु श्रीमंताच्या मुलाला दोन्ही आणि गरिबाच्या मुलाला केवळ खिचडी, ही वाटणी समतेची नव्हे. शिवाय, घरात अक्षरओळख नसेल तेथे चित्रपुस्तकाचे मोल अधिकच वाढते. जपानी चित्रकार मित्सुमासा आन्नो यांचे १९७७ मधील प्रवासाचे पुस्तक पाहावे. त्यात एकही शब्द नाही. एक घोडेस्वार गावागावांतून जातो एवढेच. असे पुस्तक निरक्षर आईलाही आपल्या बोलीत 'वाचून' दाखवता येते. एरवी पुस्तकापुढे संकोचणारी आई तेथे मुलाची पहिली शिक्षिका होते.

हा विचार महाराष्ट्राला परका नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने बालशिक्षणाचा प्रयोग उभा केला. परदेशी महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, खडे, बिया आणि पाने हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि 'अंगणवाडी' हा शब्द मराठीला मिळाला. त्याच परिसरात वारली स्त्रिया लग्नप्रसंगी तांदळाच्या पिठाने भिंतीवर सारी सृष्टी रेखाटत आल्या आहेत; जिव्या सोमा मशे यांनी १९७० नंतरच्या दशकात ती कला कागदावर आणली. तेथील मुलाला चित्र वाचावयास शिकवावे लागत नाही. त्याला हवे असते हाताळता येईल, घरी नेता येईल असे पुस्तक.

अशी पुस्तके आज मराठीत आहेत. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'सारख्या पुस्तकांत घरातलीच माणसे आणि नित्याचेच प्रसंग चित्रातून बोलू लागतात. १९५७ साली स्थापन झालेला नॅशनल बुक ट्रस्ट आणि २००४ मध्ये सुरू झालेली प्रथम बुक्स यांनी अल्प किमतीची पुस्तके अनेक भारतीय भाषांत आणली. उणीव आहे ती मुलाच्या हातापर्यंत पोचण्याची. पुस्तके येतात, नोंदवहीत चढतात आणि कपाटात बंद होतात. कारण पान फाटले तर जाब सेविकेला द्यावा लागेल, ही धास्ती असते. वेतनाऐवजी मानधनावर राबणाऱ्या सेविकेला त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. दोष आहे तो पुस्तकाला खेळण्याऐवजी मालमत्ता मानणाऱ्या व्यवस्थेचा.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाला हक्क दिला. त्याआधीची तीन वर्षे शासनाच्या इच्छेवर सोडली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण पायाभूत मानले खरे, परंतु धोरण म्हणजे हक्क नव्हे. तो हक्क कायद्यात यावा, ही मागणी लावून धरावयास हवी.

तोपर्यंत प्रत्येक गावातील कार्यकर्त्याला एक साधे काम करता येईल. अंगणवाडीत जाऊन पुस्तकांचे कपाट उघडे आहे की नाही ते पाहावे. फाटलेले पुस्तक वापरात आले असे समजून ते नोंदीतून कमी करण्याची मुभा सेविकेला मिळावी, असा ठराव ग्रामसभेत आणावा. आणि आठवड्यातून एकदा मुलांमध्ये बसून, पुस्तक उघडून, स्वतः गप्प राहावे.

गोष्ट मुले सांगतील.