झाडावरची भाजी



मार्च सरत आला की मंडईतल्या पालेभाज्यांची कळा उतरते. मेथीच्या जुडीत फुलं डोकावू लागतात, सकाळी आणलेली कोथिंबीर दुपारपर्यंत माना टाकते आणि मटार तर केव्हाच निरोप घेऊन गेलेला असतो. ज्याच्याकडे पाण्याची सोय आहे तो शेतकरी भेंडी, गवार, दुधी, काकडी पिकवतो, नाही असं नाही. पण आठवड्यातून तीनदा दुधी पानात आला, की घरातली शांत माणसंसुद्धा बोलायला लागतात.

जुन्या मराठी घरांनी या अडचणीवरचा उपाय वाफ्यात शोधला नाही. त्यांनी मान वर करून झाडांकडे पाहिलं. वाफ्यातल्या रोपाची मुळं उथळ असतात. वरची माती तापली की ते रोप घाईघाईने फुलोऱ्यावर येतं, नाहीतर वाळून जातं. आंबा, फणस, चिंच, भोकर यांची मुळं खोल जातात. त्यामुळे विहिरी तळाला गेलेल्या असतात तेव्हाही ही झाडं लगडलेली दिसतात. आपला उन्हाळी शाकाहारी स्वयंपाक म्हणूनच बराचसा झाडावरचा स्वयंपाक आहे. त्यात बऱ्याचदा फळ पिकायची वाटसुद्धा कोणी पाहत नाही. कोवळं असतानाच ते भाजी, डाळ किंवा उसळ होऊन पानात येतं.

फणसाचंच पाहा. पिकल्या गऱ्यांचं कौतुक मे महिन्यात होतं, पण कोकणातल्या घरात फणस त्याआधी दोनेक महिने कुयरीच्या रूपाने येऊन गेलेला असतो. कुयरी म्हणजे आठळी कडक न झालेला कोवळा फणस. ती चिरायची तर विळीला आणि हातांना आधी खोबरेल चोपडावं लागतं, कारण फणसाचा चीक पाण्याला दाद देत नाही, तेलालाच देतो. काटेरी साल आणि मधला दांडा काढून फोडी कुकरला वाफवायच्या आणि मग ठेचून त्यांचे धागे मोकळे करायचे. मोहरी, हिंग, हळद, सुक्या लाल मिरच्यांची फोडणी, भिजवलेले शेंगदाणे किंवा वाल, चवीपुरता गूळ आणि वरून ओलं खोबरं एवढ्यावर ही भाजी होते. अलीकडे शहरी हॉटेलांत कोवळा फणस मांसाला पर्याय म्हणून, भरपूर मसाल्यात बुडवून वाढतात. कोकणातल्या स्वयंपाकघराला त्यात मांसाची आठवण कधी झाली नाही. तिथे त्याची चव फणसाचीच ठेवतात, आणि ते जास्त शहाणपणाचं आहे.

फणसाचं काही वाया जात नाही. जून झालेल्या पण न पिकलेल्या गऱ्यांची वेगळी भाजी होते, बरक्या फणसाच्या रसाची साठं उन्हात वाळतात आणि उरलेल्या आठळ्या मातीत घोळवून पावसाळ्यासाठी कोपऱ्यात ठेवतात.

याच दिवसांत सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या बाजारात ओले काजू येतात. ते वजनावर नव्हे, शेकड्यावर विकले जातात आणि त्यांचा भाव ऐकून नवखं गिऱ्हाईक दचकतं. पण त्यामागची मेहनत पाहिली तर घासाघीस करायचा धीर होत नाही. काजूच्या हिरव्या टरफलात कातडी भाजून काढणारं तेल असतं. बी उभी चिरून आतला गर काढणाऱ्या बायकांची बोटं हंगामभर काळी पडलेली असतात. हा गर गरम पाण्यात टाकला की त्याची साल सुटते. मग बटाट्याची सोबत देऊन, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात त्याची उसळ करतात. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं हे झाड. आज त्याच्या उसळीवाचून मालवणी शाकाहारी पान सजत नाही.

घाटावर चैत्र येतो तो कैरी घेऊन. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी हळदीकुंकवं चालतात. त्यातली आंब्याची डाळ हा उन्हाळी स्वयंपाकाचा उत्तम नमुना म्हणावा लागेल, कारण तिच्यात शिजवणं जवळजवळ नाहीच. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, निथळून भरड वाटायची, त्यात किसलेली कैरी, मीठ, थोडी साखर घालायची. विस्तव लागतो तो फक्त फोडणीपुरता. डाळ पार गुळगुळीत वाटली तर तिचा चिकट गोळा होतो, म्हणून हात आवरता घ्यावा. शिवाय कच्ची भिजलेली डाळ उकाड्यात लवकर आंबते. सकाळी केलेली डाळ संध्याकाळच्या हळदीकुंकवाला वाढायची असेल, तर ती शीतकपाटात ठेवावी किंवा आयत्या वेळी कालवावी.

किती डाळीला किती कैरी? कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने 1970 मध्ये मराठी घरांना वाटी-चमच्याचं माप दिलं आणि नव्याने संसार मांडणाऱ्या कितीतरी जणींची भीती घालवली. पण कैरीपुढे वाटीही हात टेकते. एका झाडाची कैरी जिभेला झिणझिण्या आणते, तर शेजारच्याच झाडाची नुसती तुरट लागते. कैरीची फोड आधी चाखायची आणि मग प्रमाण ठरवायचं, एवढाच मार्ग आहे.

नागपूर-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तिथे कैरीचं काम नुसत्या चवीपुरतं उरत नाही. उकडलेल्या किंवा निखाऱ्यावर भाजलेल्या कैरीचा गर, गूळ, जिरं आणि मीठ यांचं पन्हं तिथे उन्हातून आलेल्या माणसाला आधी देतात, मग विचारपूस. घामावाटे जाणारं मीठ आणि पाणी त्याने भरून निघतं. कैरीतलं क जीवनसत्त्व उकडताना काही प्रमाणात कमी होतं. ते हवं असेल त्याने कच्च्या कैरीचा तक्कू करावा. कैरीचा कीस, कांदा, तिखट, गूळ, वरून फोडणी, आणि शेजारी गरम भाकरी.

भोकराचं नाव आज पुण्या-मुंबईच्या मुलांना क्वचितच ठाऊक असतं. त्याचं लोणचं करताना प्रत्येक फळ फोडून, मिठात बुडवलेल्या काडीने आतला बुळबुळीत गर आणि बी काढावी लागते. वेळखाऊ काम आहे, पण लोणचं मुरल्यावर तक्रार करणारा कोणी भेटत नाही. चिंचेचं कामही याच दिवसांतलं. ती फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून तिचे गोळे वर्षाच्या आमटीसाठी बरणीत जातात.

हापूसबद्दल इथे काही सांगायचं नाही. 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याचे भाट पुष्कळ आहेत. स्वयंपाकाला खरा उपयोगी पडतो तो रायवळ. कोयीपासून वाढलेलं प्रत्येक झाड वेगळं, म्हणून प्रत्येकाची चव निराळी. हे छोटे आंबट-गोड आंबे सोलून कोयीसकट पातेल्यात जातात. ओलं खोबरं, मोहरी आणि मिरची एकत्र वाटून गुळाबरोबर त्यात मिसळली की रायतं तयार. गोव्यात याच धर्तीवर सासव करतात. मोहरी घातल्यावर फार उकळू नये, तिला कडवटपणा येतो. हे रायतं चमच्याने खायच्या भानगडीत पडू नये. कोय हातात घेऊन चोखणं हीच त्याची रीत.

आणि कोकम. रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि त्यांची सालं उन्हात वाळवून, पुन्हा पुन्हा खारवलेल्या रसात बुडवून आमसुलं होतात. वळवाचा पाऊस मध्येच आला की अंगणात एकच धावपळ उडते. मीठ घातलेला रस म्हणजे आगळ, आणि सोलकढीला तेच सोयीचं. नारळाच्या दुधात ते घातल्यावर मात्र कढी चुलीवर चढवू नये. आंबट आणि उष्णता एकत्र आली की दूध फाटतं.

शहरात हे सारं मिळतं, थोडी शोधाशोध करावी लागते. दादर, गिरगाव किंवा पुण्याच्या मंडईत कोकणातला माल ठेवणारे विक्रेते असतात, आणि कुयरी चिरूनही देतात. घेताना कापाची बाजू पाहावी. मधल्या बिया पांढऱ्या, मऊ, नखाने दबणाऱ्या असतील तर भाजी मिळून येईल. बियांना कडक पापुद्रा आला असेल, तर तो फणस ठेचायच्या भाजीचा राहिला नाही. त्याचे गरे सोडवावेत, आठळ्या सोलून चिराव्यात आणि दोन्ही एकत्र शिजवावं.