वाळूचा ताप आणि कासवाची पिल्ले
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



हवामान बदलतंय, उन्हाळा वाढतोय, हे आपण रोजच बोलतो. या वाढत्या उष्णतेने मुक्या जिवांचं नेमकं काय होतं, हे एकाच प्राण्याचं उदाहरण घेऊन आज सांगणार आहे. तो प्राणी म्हणजे समुद्री कासव.

माणसाचं मूल मुलगा की मुलगी, हे गर्भधारणेच्या वेळीच ठरतं. कासवाचं तसं नाही. मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, ती झाकते आणि समुद्रात परत जाते. पुढे अंडी उबवते ती वाळू. सुमारे पन्नास दिवसांपैकी मधल्या दिवसांत वाळू किती तापली, यावर नर-मादी ठरते. साधारण २९-३० अंश सेल्सियसला दोन्ही सारखे निपजतात. त्याहून गार वाळूत नर जास्त, गरम वाळूत माद्या जास्त. आणि वाळू ३४-३५ अंशांच्या पुढे बराच काळ राहिली, तर पिल्ले अंड्यातच मरू लागतात. दोन-चार अंशांवर सगळा खेळ आहे!

ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफच्या हिरव्या कासवांवरील संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले. समुद्रात चरणारी कासवे पकडून शास्त्रज्ञांनी आनुवंशिक तपासणीने त्यांचा जन्मकिनारा शोधला आणि रक्तातील संप्रेरकांवरून नर-मादी ओळखली. उत्तरेकडच्या उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्या प्रौढ कासवांत सुमारे ८७ टक्के माद्या होत्या. लहान वयाच्या कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक! दक्षिणेकडच्या थंड किनाऱ्यांच्या कासवांत हे प्रमाण ६५ ते ६९ टक्के होते.

एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे माद्या थोड्या जास्त असल्या तर बिघडत नाही. पण नरच उरले नाहीत तर? तरीही बरीच वर्षे किनाऱ्यावर माद्या येत राहतील, अंडी दिसत राहतील, आणि आपल्याला वाटेल की सगळं ठीक आहे. हाच खरा धोका आहे.

आता आपल्या कोकणाकडे येऊ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास गाव आहे. तिथे ऑलिव्ह रिडले कासवे येतात. पूर्वी त्यांची अंडी माणसे नेत, कोल्ही-कुत्री खात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ही अंडी राखली. घरट्यातली अंडी काढून कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात आणि पिल्ले समुद्रात सोडतात. हे मोठे काम आहे. गावाने शिकारीऐवजी राखण पत्करली.

परंतु मित्रहो, चोर अंडी नेतो ते डोळ्यांना दिसते. ऊन काहीच नेत नाही. पिल्ले बाहेर येतात, तुरुतुरु समुद्रात जातात आणि आपण आकडा लिहितो. त्यात नर किती, हे त्या आकड्यात कुठे दिसते? शिवाय अंडी आपण हलवली, म्हणजे ती कुठल्या वाळूत तापणार हेही आपणच ठरवले. ही जबाबदारी आता टाळता येणार नाही.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक हंगामात वाळूच्या आतले तापमान मोजून वहीत नोंदवावे. फार तापले तर झापांची किंवा जाळीची सावली करावी. अशी सावली अनेक देशांत वापरून पाहिली गेली आहे. मात्र हे मोजूनच करावे, नाहीतर गारव्याने सगळे नरच निपजतील. थंडीतल्या पहिल्या घरट्यांना विशेष जपावे, कारण मार्च-एप्रिलच्या उन्हात उबणाऱ्या घरट्यांपेक्षा तिथे नर निपजण्याचा संभव अधिक. आणि किनाऱ्याची वाळू उपसू देऊ नये. किनाराच गेला तर सावली कशावर करणार?

इथे बसलेल्या अनेकांची गावे कोकणात आहेत. सुट्टीत गावी जाल तेव्हा कासवांची राखण करणाऱ्या पोरांना एवढेच विचारा, "वाळू किती तापलीय रे?" त्या प्रश्नाने नोंदवही सुरू झाली, तरी माझ्या बोलण्याचे सार्थक झाले.