संगणकातील अंकांची अचूकता



जमिनीचा एक-चौदाचा उतारा, विजेचे देयक, निवृत्तिवेतनाचा हिशेब, सारे आता संगणकातून येते. छापील आकडा दिसला की तो बरोबरच असणार, असे आपण गृहीत धरतो. या समजुतीसंबंधी आज थोडे बोलावयाचे आहे.

एकाला तिनाने भागू लागल्यास भागाकार संपत नाही, हे आपले विद्यार्थी जाणतात. संगणक केवळ ० आणि १ या दोन अंकांत गणित करतो. त्या पद्धतीत आपला साधा एक-दशांशही असाच न संपणारा ठरतो. यंत्रातील जागा मर्यादित असल्याने उरलेली शेपटी तोडावी लागते.

१९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातील दहरान येथे अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्रे तैनात होती. त्यांच्या संगणकाचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजीत असे. प्रत्येक दशांशामागे पडणारी चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी होती. परंतु यंत्र १०० तास, म्हणजे ३६ लाख दशांश, अखंड चालले आणि चूक सेकंदाच्या तृतीयांशाहून अधिक झाली. तेवढ्या अवधीत स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापते. २५ फेब्रुवारी रोजी पेट्रियटने आकाशात भलत्याच ठिकाणी शोध घेतला. स्कड बराकीवर कोसळले व २८ सैनिक मृत्युमुखी पडले. दीर्घकाळ वापराने लक्ष्य हुकू शकेल, असा इशारा चारच दिवसांपूर्वी धाडण्यात आला होता. मात्र दीर्घकाळ म्हणजे किती तास, हे त्यात नव्हते. परिपत्रके लिहिणाऱ्या आम्हां मंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावे! सुधारलेली आज्ञावली दहरानला पोहोचली ती २६ तारखेस.

दोष खुद्द यंत्रातही असू शकतो. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपमधील भागाकाराच्या कोष्टकात पाच नोंदी राहून गेल्याचे उघडकीस आले, आणि कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला.

आपल्या पंचायतींच्या व पतसंस्थांच्या हिशेबात रक्कम रुपयांच्या अपूर्णांकात न साठविता पूर्ण पैशांत साठविली, तर बेरजेत ही शेपटी येतच नाही. व्याज आकारताना अर्धा पैसा धरावयाचा की सोडावयाचा, याचा नियम लेखी हवा. प्रणाली खरेदी करतानाच या दोन गोष्टी पुरवठादारास विचाराव्यात. शिक्षकांनी शाळेतील संगणकावर पायथन भाषेत ०.१ व ०.२ यांची बेरीज मुलांकडून करवून घ्यावी, उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते.