बोली जुळली पाहिजे

मॉडेल होडीसाठी रिमोट घेताना आपण हातातला ट्रान्समीटर निरखतो. होडीतला रिसीव्हर विसरतो. पूर्वी २७ मेगाहर्ट्झच्या संचात जोडीचे क्रिस्टल बसवले की भागे. आता दोघांवर २.४ गिगाहर्ट्झ लिहिलेलं असलं, तरी कंपनीगणिक बोली निराळी. फुटाबाच्या 'फास्ट' ट्रान्समीटरला स्पेक्ट्रमचा 'डीएसएमएक्स' रिसीव्हर ओ देत नाही. (कवीला हे रूपक आयतंच, असो.) बोली जुळते का, ते दुकानातच विचारा. सुकाणू आणि मोटर, दोन चॅनेल पुरतात. पण फेलसेफ हवाच: संदेश तुटला की मोटर थांबते. नाहीतर तलावात पोहणाऱ्या पोराच्या अंगावर फिरता पंखा जायचा. भाच्याला मी बजावतो, होडी हातात उचलून धर, ट्रान्समीटर बंद कर, पंखा थांबला तरच पाण्यात सोड. रिसीव्हरची अँटेनाही पाण्याच्या पातळीच्या वर हवी, २.४च्या लहरी पाण्यात विरतात.