रिकाम्या जागेतले भिंग : सर हॅरॉल्ड रिडली



आपल्यापैकी साठी ओलांडलेल्यांना आजोबांचा तो जाड भिंगांचा चष्मा आठवत असेल. मोतीबिंदू काढल्यावर तो मिळे. समोरची वस्तू मोठी आणि जवळ भासे, पायरीचा अंदाज चुके, बाजूचे नीट दिसत नसे. कारण साधे होते. गढूळ झालेले नैसर्गिक भिंग सर्जन काढून टाकीत, पण त्या जागी काहीच ठेवीत नसत. ती रिकामी जागा भरली हॅरॉल्ड रिडली यांनी.

रिडली यांचा जन्म १९०६ साली इंग्लंडमधील लेस्टरशर परगण्यात झाला. लंडनच्या सेंट टॉमस आणि मूरफील्ड्स या रुग्णालयांत ते काम करीत. दुसऱ्या महायुद्धात जखमी वैमानिक त्यांच्याकडे येऊ लागले. विमानाच्या छताचे पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे पर्स्पेक्स, गोळ्यांनी फुटून त्याच्या कपच्या डोळ्यांत रुतत. परकी वस्तू डोळ्यात राहता कामा नये, हा तेव्हाचा धडा. पण या कपच्या बराच काळ डोळ्यात राहूनही त्रास देत नाहीत, हे रिडली यांनी हेरले. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे बसवत नाहीत का? प्रश्न भाबडा, पण नेमका होता.

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट टॉमसमध्ये एका ४५ वर्षांच्या बाईंच्या डोळ्यात रिडली यांनी पर्स्पेक्सचे भिंग बसवले. सारे गुपचूप. १९५१ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत त्यांनी काम मांडले, तेव्हा कौतुकाऐवजी विरोधच वाट्याला आला. जे आयुष्यभर बाहेर काढायचे, ते हा आत घालतो! विरोध अगदीच निराधार नव्हता. सुरुवातीची भिंगे जड होती, काही सरकत, काही डोळ्यांत दाह होई. मात्र टीकेच्या कडवटपणाने रिडली खचले, तरी मार्ग सोडला नाही. अमेरिकेत अशा भिंगांना सरकारी मान्यता मिळाली ती १९८१ मध्ये. १९८६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, २००० मध्ये 'सर' झाले. पुढच्याच वर्षी ते वारले. त्याआधी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही अशीच भिंगे बसली होती.

आपल्या देशात हे भिंग गरिबाच्या आवाक्यात आणले मदुराईच्या डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने. १९९२ मध्ये त्यांच्या ऑरोलॅबने ती इथेच बनवायला घेतली आणि किंमत कितीतरी उतरली.

आता माझ्या धंद्याचे बोलतो. मी होमिओपॅथ, लोकांच्या भाषेत साबुदाण्याच्या गोळ्या देणारा. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब द्या, म्हणून लोक माझ्याकडे येतात. मी त्यांना स्पष्ट सांगतो की असा थेंब नाही, अशी गोळीही नाही. माझ्या पेटीतही नाही आणि कुणाच्याच नाही. यावर उपाय शस्त्रक्रिया हाच.

"पिकू द्या, मग बघू" हे वाक्य आपल्या घराघरांत अजून ऐकू येते. ते जाड चष्म्याच्या काळातले आहे. आज फार पिकलेला मोतीबिंदू काढणे उलट अवघड जाते, आणि तोवर म्हातारे माणूस न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडून बसते. आपल्या घरी कुणी असे थांबले असेल, तर या आठवड्यात त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन जा.